काजळीचा मागोवा: विहिरीवरच्या इंजिनापासून डीपीएफपर्यंत

जुन्नर-आंबेगावच्या जुन्या मिस्तरीला इंजिन उघडायची घाई नसे. तो आधी धूर बघायचा. काळा धूर असेल तर नोझल टपकतंय, एअर फिल्टर चोंदलाय किंवा इंजिनावर झेपत नाही एवढा लोड टाकलाय. निळसर असेल तर रिंगा गेल्या, ऑईल जळतंय. सकाळी गाडी तापल्यावरही पांढरा येत राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा हेड गॅस्केटमधून पाणी शिरलंय. पाना हातात घेण्याआधी अर्धं निदान झालेलं असायचं, आणि त्याला खर्च शून्य.

ही विद्या त्याला मुळात गाडीने शिकवली नाही, विहिरीने शिकवली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. पुढच्या दोन-तीन दशकांत, वीज शिवारात पोचायच्या आधी, एका सिलिंडरची डिझेल इंजिनं घोड, मीना आणि कुकडीच्या काठच्या विहिरींवर बसली. हँडल मारून सुरू व्हायची, रात्रभर एकाच लयीत धडधडायची. घरात झोपलेल्या माणसाला आवाजावरून कळायचं की पाण्याची पातळी खाली गेली, आणि सकाळी मोटघरावरच्या काळ्या डागावरून कळायचं की नोझल साफ करायची वेळ झाली. पुढे डिंभे, येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालवे फिरले, विजेचे पंप आले, ऊस आला, मग टोमॅटो आणि द्राक्षं आली. माल हलवायला जीप आली, आकुर्डीच्या बजाज टेम्पोचा मॅटॅडोर आला, शेवटी पिकअप आली. विहिरीवरचं इंजिन रस्त्यावर उतरलं, एवढंच झालं. धूर तोच राहिला आणि धूर वाचणारा मिस्तरीही तोच.

१ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या डिझेल पिकअपच्या मागे तो आज उभा राहिला, तर त्याला काहीच दिसत नाही. नोझल गळू दे, टर्बो ऑईल ओकू दे, मागून स्वच्छ हवा. काजळी वाटेतच अडवली गेलेली असते. अडवणाऱ्या त्या डब्यात, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये, वरचे सगळे दोष गुपचूप साठत जातात. एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ओढ जाते, आणि सगळा दोष त्या डब्यावर येतो. माझं म्हणणं असं की चोंदलेला डीपीएफ बहुतेक वेळा आरोपी नसतो, साक्षीदार असतो. आणि साक्षीदाराला बदडून गुन्ह्याचा तपास होत नाही. हे पटायला या डब्याची वंशावळ जरा मागून बघावी लागते.

मूळ अर्थातच रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनात आहे. १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला ते यशस्वीपणे चाललं. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधी मिसळतात, मग ठिणगी पडते. डिझेलमध्ये नुसती हवा दाबून तापवायची आणि तिच्यात इंधनाचा फवारा मारायचा. फवाऱ्याच्या कडेला हवा भरपूर मिळते, गाभ्यात मिळत नाही. त्या गाभ्यातलं इंधन अर्धवट जळून काजळी होते. म्हणजे काजळी ही बिघडलेल्या इंजिनाचीच खूण नव्हे. ठणठणीत इंजिनही थोडी काजळी करतंच. बिघडलं की ती वाढते.

नव्वदच्या दशकात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. आपल्याकडे १९९२ मध्ये डिझेल वाहनांना उत्सर्जनाचे पहिले देशव्यापी नियम लागले. आणि १९९३ मध्ये अमेरिकेत सहा शहरांतल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा हार्वर्डचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हवेतले अतिसूक्ष्म कण जिथे जास्त, तिथे मृत्यूचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. तोवर धूर हा डोळ्यांना त्रास देणारा, कपडे काळे करणारा प्रकार होता. आता तो फुप्फुसाचा आणि हृदयाचा विषय झाला. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो असं ठरवून त्याला पहिल्या गटात टाकलं. दरम्यान कॉमन रेल इंजिनं आली. हजार-दीड हजार बारच्या दाबाने डिझेलचा फवारा इतका बारीक झाला की डोळ्यांना दिसणारा काळा लोट जवळजवळ गेला. बारीक कण मात्र राहिलेच. तेव्हा कण कमी निर्माण करण्याबरोबर ते पकडणंही भाग पडलं.

पकडण्याचं साधन तयारच होतं, फक्त दुसऱ्या कामासाठी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत रॉडनी बॅग्ली, अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुईस यांनी कॉर्डिएराइट नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाचा मधमाशीच्या पोळ्यासारखा ठोकळा बनवला. आरपार शेकडो बारीक नळ्या, आणि तापमान एकदम चढलं-उतरलं तरी तडा न जाणारी माती. तो पेट्रोल गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी होता. त्या दशकाच्या अखेरीस युक्ती अशी निघाली की एकाआड एक नळीचं तोंड बुजवायचं: एकीचं पुढून, शेजारणीचं मागून. आत शिरलेल्या धुराला बाहेर पडायला रस्ता नाही, म्हणून तो मातीच्या सच्छिद्र भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो. वायू जातो, काजळी भिंतीवर राहते. आजच्या डीपीएफची रचना अजून हीच आहे. कॉर्डिएराइटऐवजी कित्येकदा सिलिकॉन कार्बाइड असतं, एवढाच फरक.

कोंडण्याचं काम झालं. पण कोंडलेली काजळी जाळायची कशी? या फिल्टरचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा इतिहास आहे. काजळीला स्वतःहून पेटायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. हलक्या लोडवर चालणाऱ्या डिझेल गाडीचा धूर दीडशे ते तीनशे अंशांचा. मर्सिडीजने १९८५ मध्ये कॅलिफोर्निया आणि आसपासच्या राज्यांत विकलेल्या डिझेल गाड्यांना असा फिल्टर बसवला आणि उष्णता मिळावी म्हणून तो टर्बोच्याही आधी, अगदी इंजिनाला खेटून ठेवला. तो चोंदायचा, त्याचे तुकडे सुटायचे आणि टर्बोत जायचे. दोन-तीन वर्षांत तो प्रयोग गुंडाळावा लागला. नारायणगावच्या गॅरेजात आज ऐकू येणारी तक्रार लॉस एंजेलिसमध्ये चाळीस वर्षांपूर्वी ऐकून झालेली आहे.

उत्तर एक सापडलं नाही, तीन सापडली. इंग्लंडच्या जॉन्सन मॅथीच्या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं की धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड काजळीला अडीचशे अंशांच्या पुढेच हळूहळू खाऊ लागतो. त्यासाठी फिल्टरच्या आधी प्लॅटिनमचा लेप दिलेला एक कॅटॅलिस्ट लागतो. २००० साली प्यूजोने ६०७ या गाडीत डिझेलमध्ये सीरियमचं द्रव्य मिसळून काजळीचा पेटण्याचा बिंदूच खाली आणला. तिसरा उपाय जबरदस्तीचा: इंजिनाच्या स्फोटानंतर जरा उशिराने थोडं जादा डिझेल फवारायचं. ते सिलिंडरमध्ये नीट जळत नाही, पुढच्या कॅटॅलिस्टवर जाऊन जळतं आणि फिल्टरला साडेपाचशे-सहाशे अंशांवर नेतं. आपल्या गाड्यांत पहिला आणि तिसरा उपाय जोडीने असतात. रस्त्यावर धावताना आपोआप होणारी सफाई, आणि ती पुरली नाही की कॉम्प्युटरने स्वतः लावलेली आग. हेच रीजनरेशन.

हे सगळं भारतात यायला इतका उशीर का लागला, याचं उत्तर गंधकात आहे. कॅटॅलिस्ट गंधकाने निकामी होतो. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत डिझेलमध्ये १ टक्का, म्हणजे १०,००० पीपीएम गंधक चालायचं. भारत स्टेज या उत्सर्जन-नियमांच्या तिसऱ्या पायरीला, म्हणजे बीएस-३ ला, ते ३५० वर आलं, बीएस-४ ला ५० वर. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झालं, आणि तिथून पाचवी पायरी न घेता सरळ सहावीवर उडी मारायचं सरकारने जानेवारी २०१६ मध्येच ठरवलं होतं. ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बजावलं. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम. डिझेल कारच्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली, शिवाय कणांचं नुसतं वजन नव्हे तर संख्याही मोजायचं ठरलं. फिल्टरशिवाय या मर्यादेत बसणं जवळपास अशक्य. नियम लागू झाला त्या दिवशी देश टाळेबंदीत होता आणि शोरूमना कुलपं होती. त्यामुळे नव्या गाडीत काय नवं आहे, हे गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगण्याचा काळच मिळाला नाही. त्याची फळं आता गॅरेजवाले भोगताहेत.

नव्या गाड्यांच्या शेवटच्या चाचण्या होतात कुठे, तर आपल्याच वाटेवर. १९६६ पासून पुण्यात असलेल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचं एक केंद्र चाकणला आहे. मंचरहून पुण्याला जाणारा माणूस त्या भागातून रोज जातो. पण ठरीव चाचणीतली गाडी आणि जुन्नरच्या शिवारातली गाडी यांचं आयुष्य वेगळं. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरचं उत्सर्जनही मर्यादेत ठेवावं लागतं, हे खरं. तरी टोमॅटोच्या हंगामात गाडी कशी चालते, हे कुठल्याही चाचणीत नाही.

बघा, खोडदच्या मळ्यात कॅरेट भरले. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बांधाच्या रस्त्याने बाहेर आली. दहा किलोमीटरवर नारायणगावचा बाजार. इंजिन जेमतेम तापतंय तोवर गाड्यांची रांग लागली. रांगेत इंजिन चालूच, कारण दर दोन मिनिटांनी चार फूट पुढे सरकायचं. याच वेळी कॉम्प्युटरला वाटलं काजळी पुष्कळ झाली, त्याने रीजनरेशन लावलं: आयडल थोडा चढला, पंखा जोरात फिरू लागला, खालून गरम वास येऊ लागला. त्याला लागतात दहा-वीस मिनिटं. पाचव्या मिनिटाला नंबर लागला, ड्रायव्हरने किल्ली फिरवली, बंद. काजळी अर्धी तशीच राहिली, आणि जाळायला फवारलेल्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑईलमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभराने डिपस्टिक काढली तर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं. ऑईल वाढलं म्हणून खूश होणारे मालक आहेत. ते पातळ झालेलं ऑईल इंजिनाची बेअरिंग खातं.

त्याच बाजारातून तसाच माल घेऊन रात्री वाशीला जाणारी पिकअप बघा. माळशेजने जा नाहीतर चाकण-तळेगावकडून, दीडशे किलोमीटरच्या वर अखंड धाव. तिचा फिल्टर सहसा कुरकुरत नाही. मॉडेल तेच, डिझेल तेच. आंबेगावात श्रावणातल्या भीमाशंकरच्या गर्दीत एसी लावून तासन् तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांची गत पहिल्या पिकअपसारखी. आणि शेजारच्या वावरात पन्नास अश्वशक्तीच्या आतला ट्रॅक्टर फिल्टरबिल्टर काही न बाळगता काळा धूर सोडत नांगरत असतो, हे बघून पिकअपवाल्याचा जीव जळतो तो वेगळाच. तक्रार रास्त आहे, पण तिने त्याचा फिल्टर साफ होत नाही.

आता निदान. दिवा लागल्यावर स्कॅनर लावतात, पी २४६३ किंवा पी २००२ असा कोड येतो, आणि बरेच जण तिथेच थांबून फिल्टर उतरवायला घेतात. पहिला कोड काजळी जास्त साठल्याचा. दुसरा फिल्टर नीट पकडत नसल्याचा, म्हणजे कित्येकदा तो फुटल्याचा. दोन्हींचा उपाय एक असूच शकत नाही. पी २४५२ च्या आसपासचे कोड तर फिल्टरचे नव्हेतच, दाब मोजणाऱ्या सेन्सरचे असतात.

त्या सेन्सरपासूनच सुरुवात करावी. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या बाजूने दोन बारीक नळ्या त्याच्याकडे जातात. दोन्हींतल्या दाबाचा फरक म्हणजे फिल्टर किती चोंदला त्याचं माप. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना हा फरक शून्य किंवा शून्याला लागून दिसला पाहिजे. तेव्हाच तो काही भलतं सांगत असेल, तर सेन्सर खोटं बोलतोय. मग नळ्या हाताने चाचपाव्यात. उष्णतेने त्या तडकतात, आत पाणी साचतं, कधी उंदीर कुरतडतो. फाटलेल्या एका नळीपायी अख्खा फिल्टर बदललेली गाडी हा गॅरेजातला सर्वात महागडा विनोद आहे. नळ्या आणि सेन्सर ठीक असतील, तर इंजिन तापवून आयडलला आणि मग अडीच हजार आरपीएमला आकडा बघायचा. आयडललाच तो बराच असेल आणि रेस दिल्यावर झपाट्याने चढत असेल, तर फिल्टर खरंच भरलाय.

स्कॅनरवर काजळीचे ग्रॅमही दिसतात. ते वजन नव्हे, कॉम्प्युटरचा हिशेब आहे. फिल्टर साफ करून आणला आणि तो हिशेब पुसला नाही, तर गाडी जुन्याच आकड्यावर ओरडत राहते. काजळी एका मर्यादेपर्यंत असेल तर कॉम्प्युटर स्वतः जाळतो. तिच्यापुढे गेली की गॅरेजात स्कॅनरने रीजनरेशन करावं लागतं. आणखी पुढे गेली की कॉम्प्युटर स्कॅनरलाही नकार देतो. तो नकार मोडू नये. इतकी काजळी एकदम पेटली तर आतलं तापमान हजार अंशांपुढे जातं आणि ठोकळ्याला तडे जातात. आणि एक स्थानिक सूचना: उभ्या गाडीचं रीजनरेशन उसाच्या पाचटावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ कधीही लावू नका. सायलेन्सरच्या तोंडाची धग पाचट पेटवायला पुरेशी असते.

फिल्टर भरला हे कळलं की खरा प्रश्न विचारायचा: काजळी आली कुठून? इथे जुन्या मिस्तरीची विद्या पुन्हा कामाला येते, फक्त धुराऐवजी आकडे वाचायचे. एखाद्या इंजेक्टरची दुरुस्ती-मात्रा बाकीच्यांपेक्षा फार वेगळी आहे का? धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का? टर्बोनंतरचा रबरी होज फाटून हवा गळतेय का? थर्मोस्टॅट उघडा राहून इंजिन तापतच नाही का? इंजिन थंड असेल तर कॉम्प्युटर रीजनरेशन सुरूच करत नाही. डिझेलची टाकी रिझर्व्हला असेल तरीही नाही. शंभर-दोनशे रुपयांचं डिझेल टाकून रोज गाडी पळवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

मग राख. काजळी जळते, राख जळत नाही. ती येते इंजिन ऑईलमधल्या कॅल्शियम-जस्ताच्या द्रव्यांतून. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं ऑईल पिकअपमध्ये ओतणं म्हणजे फिल्टरचं आयुष्य हाताने कमी करणं. ऑईल बरोबर असेल तर साधारण दीड-दोन लाख किलोमीटरला राख काढायची पाळी येते. त्या वेळी कितीही रीजनरेशन करा, दाब उतरत नाही. फिल्टर उतरवायचा, वजन करायचं, भट्टीत सावकाश तापवून काजळी जाळायची, मग मागच्या बाजूने हवा मारून राख पुढच्या तोंडाने काढायची आणि पुन्हा वजन करायचं. प्रेशर वॉशरचा जेट, ॲसिड, सर्फचं पाणी यांनी राख घट्ट बसते आणि प्लॅटिनमचा लेप जातो. दोन-चार हजार किलोमीटर गाडी बरी चालते; तेवढ्यावर या उपायांची कीर्ती टिकून आहे.

शेवटचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कुणी पावतीवर लिहीत नाही. डबा कापायचा, सळईने ठोकळा फोडून काढायचा, डबा पुन्हा वेल्ड करायचा आणि कॉम्प्युटरमधून फिल्टरची नोंद पुसायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पकडलं जाणं मात्र कठीण, कारण आपली पीयूसी डिझेलच्या धुराचा काळेपणा मोजते, कण मोजत नाही. चांगल्या कॉमन रेल इंजिनाचा धूर फिल्टर नसतानाही कित्येकदा त्या मापात बसतो. बेल्जियमने २०२२ पासून आणि नेदरलँड्स-जर्मनीने २०२३ पासून गाड्यांच्या ठरावीक मुदतीने होणाऱ्या तपासणीत कण मोजायला सुरुवात केली, ती याच पळवाटेसाठी. आपल्याकडे तोवर एक गावठी चाचणी आहे: सायलेन्सर थंड असताना आतून बोट फिरवा. बीएस-६ डिझेल गाडीत बोट जवळपास कोरं निघतं. काळं निघालं तर फिल्टर फुटलाय किंवा काढलाय. जुनी पिकअप घेताना ही चाचणी टायर बघण्याच्या आधी करावी.

काढून टाकण्यातला माझा मुख्य आक्षेप कायद्याचाही नाही. इंजेक्टर गळत असतो तो गळतच राहतो. फिल्टर होता तोवर निदान दिवा लागत होता. आता पिस्टनला भोक पडेपर्यंत कुणी सांगत नाही.

तेव्हा छोट्या फेऱ्या करणाऱ्या पिकअपवाल्याने आठवड्यातून एकदा नारायणगाव ते मंचर हायवेने, इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर ठेवून, वीस मिनिटं न थांबता जाऊन यावं. गाडी रीजनरेशनमध्ये असेल तर किल्ली बंद करू नये. आणि दिवा लागलाच, तर गॅरेजात एवढं विचारावं: काजळी किती, राख किती, आणि काजळी येतेय कुठून? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर न देता जो थेट पाना काढतो, त्याच्याकडून गाडी परत आणावी.